आगबोटींच्या रेघा

मित्रांनो, माझे पोट कागदाचे आणि पाठ कापडाची आहे. वर एक आणि खाली एक असे दोन काळे लाकडी दांडे मला लावलेले आहेत. उज्जैनच्या एका मुलींच्या शाळेत, भूगोलाच्या खोलीतल्या कपाटामागे, मी गुंडाळून उभा असतो. मी जगाचा नकाशा आहे. ज्या जगाचा आहे ते जग आता तसे राहिलेले नाही, म्हणून सगळे मला जुना म्हणतात.

गुंडाळून राहण्यात एक मजा आहे, ती टांगलेल्या नकाशांना कळायची नाही. आतल्या अंधारात माझे समुद्र एकमेकांवर येतात. पॅसिफिकचे पाणी हिंदी महासागराला टेकते, ब्राझीलची जंगले आफ्रिकेच्या वाळवंटावर झोपतात. कोण कुठले, ते कळत नाही. मग मला डुलकी लागते आणि गेलेले दिवस हळूहळू वर येतात.

माझा जन्म इंग्लंडातल्या एका बंदराच्या गावी झाला. तिथे नदीकाठी एक छापखाना होता. खिडकीबाहेर सतत धुके असायचे आणि धुक्यातून बोटींचे भोंगे ऐकू यायचे. माझ्या अंगावर एकेक रंग चढला. आधी समुद्राचा निळा, मग डोंगरांचा तपकिरी, मग पिवळा, हिरवा. शेवटी आला गुलाबी. तो रंग त्या देशाच्या राज्याचा. कॅनडापासून ऑस्ट्रेलियापर्यंत तो इतका लागला, की शाईचा रूळ फिरवणाऱ्या कामगाराची बोटे आठवडाभर गुलाबी राहिली.

या सगळ्या रंगांवर मग बारीक लाल रेघा छापल्या गेल्या. त्या आगबोटींच्या वाटा. जिथे बोटी कोळसा भरत तिथे छोटा नांगर, आणि जिथे फौज आणि तोफा तिथे छोटे निशाण. तो रूळवाला कामगार माझ्याकडे वाकून बघत म्हणाला होता, "नांगर समजले. पण दर नांगराशेजारी निशाण कशाला?"

त्याचा मुकादम हसून म्हणाला, "माल जातो तिथे पहारा नको?"

मी तेव्हा ओला होतो. मला त्या बोलण्याचा अर्थ कळला नाही. मी तर स्वतःच्या समुद्रांवर खूष होतो.

मग एका पेटीत बंद होऊन मी त्या लाल रेघेवरूनच हिंदुस्थानात आलो. उज्जैनला एक विलायती पेढी होती. माळव्याचा कापूस विकत घ्यायचा, गठ्ठे बांधून मुंबईला धाडायचा, तिथून बोटीने पार तिकडच्या गिरण्यांत, असा तिचा धंदा. पेढीच्या मोठ्या खोलीत, साहेबाच्या खुर्चीमागे, मला टांगले. खाली कापसाचा वास, वर पंख्याच्या वाऱ्याची लाट. मी दिवसभर डुलत असे आणि मला वाटे, आपण समुद्रावरच आहोत.

पाहुणे आले की साहेब छडी घेऊन उठे. माझ्यावरून छडी फिरवत तो सांगे, "ही मुंबई. हे एडन. हा सुएझचा कालवा. हे माल्टा, हे जिब्राल्टर, आणि हे घर." कालव्यावर छडी थांबे. "ही आमच्या गळ्यातली नस आहे. हिला कुणी हात लावला तर आम्ही तोफा घेऊन येऊ." मग सगळे हसत आणि चहा येई. मलाही अभिमान वाटे. छडीचे टोक लागून लागून माझा तो भाग गुळगुळीत झाला.

त्या खोलीत दाराजवळच्या टेबलावर श्रीपादराव मुळ्ये बसत. त्यांचे पूर्वज कधीकाळी शिंद्यांच्या दप्तरात लिहिण्याच्या कामावर इकडे आले आणि इथलेच झाले. श्रीपादरावांचे अक्षर मोत्यासारखे होते. साहेबाची सगळी पत्रे तेच लिहून काढत. ते कधी मोठ्याने बोलत नसत.

रविवारी साहेब नसताना ते आपल्या दोन्ही मुलांना पेढीत आणत. थोरली अहल्या, आणि तिच्याहून आठ वर्षांनी लहान शरच्चंद्र. घरी त्याला शरू म्हणत. अहल्या माझ्यासमोर उभी राहून गावांची नावे वाची. एकही नाव सोडायची नाही. शरूला नावांशी देणेघेणे नव्हते. श्रीपादराव त्याला कडेवर घेत आणि तो इवलेसे बोट लाल रेघेवर ठेवून सरकवत नेई. एकदा त्याने वडिलांना विचारले, "नाना, ही रेघ ओली आहे का?"

नाना हसले. "हो रे. पुरी ओली. आख्खा समुद्र आहे तो."

पोराने आपले बोट चाटून पाहिले. त्याला खारट लागले म्हणे. मित्रांनो, मला कुणी इतक्या प्रेमाने कधी वाचले नव्हते.

पुढे देश स्वतंत्र झाला. साहेबाची पेढी उठली. टेबले गेली, पंखा गेला. भिंतीवरून मला काढले तेव्हा श्रीपादराव पुढे झाले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी साहेबाकडे काही मागितले. "हा नकाशा मिळेल का? माझी मुलगी शाळेत भूगोल शिकवते."

"ने," साहेब म्हणाला. "आम्हाला आता काय करायचाय?"

असा मी शाळेत आलो. उज्जैन ज्यात होते ते ग्वाल्हेरचे राज्य गेले होते, मध्यभारत नावाचे नवे राज्य झाले होते, आणि अहल्याबाईंच्या वर्गात बाके कमी आणि मुली जास्त होत्या. ते माझे सुखाचे दिवस. मुली माझ्यासमोर उभ्या राहून नद्या पाठ करत. गुलाबी रंग आता खोटा झाला होता. बाई म्हणत, "रंगाकडे बघू नका गं. नद्या बघा, डोंगर बघा. ते कुणी बदलले नाहीत." मला जरा लाज वाटे. पण मुलींच्या बोटांची ऊब लागली की ती जाई.

शरू मोठा झाला आणि समुद्रावरच गेला. मालाच्या जहाजावर वायरलेस ऑपरेटर. चहा, ताग घेऊन विलायतेला जायचे आणि यंत्रसामान घेऊन यायचे. आई नसलेल्या त्या घरात त्याची पत्रे म्हणजेच सण होता.

एकोणीसशे छप्पनची दिवाळी आली. एक नोव्हेंबरपासून मध्यप्रदेश नावाचे मोठे राज्य होणार होते. मध्यभारत पुसले जाणार होते. शाळेच्या मुख्याध्यापिका माई यांनी अहल्याबाईंना सांगितले, "सुट्टीत हा नकाशा घरी घेऊन जा आणि आपल्या देशापुरता तरी दुरुस्त करून आणा." म्हणून मी टांग्यात बसून फ्रीगंजला, टावर चौकाजवळच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी गेलो.

तिथे मला जमिनीवर पसरले. कित्येक वर्षांनी मी आडवा झालो होतो. शेजारी मैद्याची खळ, कात्री, रंगाच्या वाट्या. दारात पणत्या. चकलीचा वास. अहल्याबाई वाकून नव्या राज्याची हद्द कापत होत्या आणि नाना माझ्या कडेला मांडी घालून बसले होते.

त्याच दिवशी सकाळी शरूचे पत्र आले होते. एडनहून टाकलेले. नानांनी ते तिसऱ्यांदा मोठ्याने वाचले. "आज रात्री निघतोय. चार दिवसांनी सुएझ. तिथला कालवा आता मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्याच लोकांच्या हातात आहे, विलायती वाटाडे सोडून गेले तरी ते जहाजं बिलकुल बरोबर नेतात म्हणे. मला बघायचंय. ताईला सांगा, मुलींना सांगायला लिहून पाठवीन."

नानांनी डब्यातून गव्हाचा एक दाणा आणला आणि माझ्या लाल समुद्रावर ठेवला. "सव्वीसला निघाला. म्हणजे तीस-एकतीसला इथे." दाणा सरकत सरकत कालव्याच्या तोंडाशी गेला. माझ्या अंगावर तो इतका हलका होता, की मला वाटले एखादे खरेच जहाज तरंगते आहे.

मग नाना फिरायला म्हणून चौकात गेले. परत आले ते चपला न काढता थेट माझ्यापाशी. हातात अखबार होता.

"अहल्या, मिसरवर बॉम्ब पडतायत."

"कोण टाकतंय?"

"इंग्रज. आणि फ्रेंच. वाळवंटाकडून इस्रायलची फौज आत गेली, तो बहाणा. कालवा पाहिजे त्यांना." ते खाली बसले. "चौकात रेडिओपाशी सगळे उभे आहेत. कालवा बंद झालाय म्हणे. आत जहाजं आहेत."

अहल्याबाईंच्या हातातली कात्री तशीच राहिली. नाना माझ्याकडे बघत होते.

"हे लोक गेले होते ना गं?" ते म्हणाले. "नऊ वर्षं झाली. मला वाटलं होतं, घरी गेले."

"इथून गेले, नाना. रस्ता कुठे सोडला होता?"

मला छडी आठवली, तो चहा आठवला, ते हसणे आठवले. जे मी वीस-पंचवीस वर्षे गंमत म्हणून ऐकले, ते कुणीतरी मनापासून बोलत होते. आणि ते बोलणे माझ्यावर छापलेले होते. नांगरांनी, निशाणांनी. मी नुसता समुद्र नव्हतो. मी कुणाच्या तरी इच्छेचा कागद होतो.

अहल्याबाई एकदम उठल्या. काळ्या शाईची बाटली घेऊन आल्या, ब्रश बुडवला आणि माझ्या लाल रेघेवर धरला. खरे सांगतो मित्रांनो, मला वाटत होते, फिरवा. मुंबईपासून विलायतेपर्यंत एकदाच फिरवा.

नानांनी त्यांचे मनगट धरले. "नको, अहल्या. शरू आहे तिच्यावर."

शाईचा एक थेंब अरबस्तानात पडला. तो अजून तिथे आहे. पणत्या तशाच जळत राहिल्या आणि शेजारच्या घरी नव्या राज्याचे पेढे वाटत होते, ते आमच्याकडेही आले. ते तसेच ताटलीत राहिले.

सुट्टी संपली. मी पुन्हा वर्गात टांगला गेलो. हिंदुस्थानावर नवे राज्य चिकटवलेले होते, पण कुणाचे लक्ष तिकडे नव्हते. मीना नावाची एक मुलगी होती, तिचे वडील रेल्वेत होते आणि कालव्याला ती नहर म्हणे. ती उभी राहिली.

"बाई, नहर मिसरमध्ये आहे. खणली पण त्यांच्याच लोकांनी. मग ती दुसऱ्यांची कशी झाली?"

बाईंनी मुलींना माझ्याजवळ बोलावले. "ही रेघ दिसते? हिच्यावर जिथे जिथे निशाण आहे, तिथे एकेकीनं बोट ठेवा."

जिब्राल्टरवर एक बोट आले. माल्टावर एक. मग सायप्रस, सुएझ, एडन. पुढे कोलंबो, सिंगापूर. मुली कमी पडतील असे वाटू लागले. माझ्या अंगावर बोटांची माळ झाली.

"आता सांगा, ही वाट व्यापाराची की फौजेची?"

मीनाच म्हणाली, "दोन्ही एकच आहे, बाई."

"आपला कापूस याच वाटेनं जायचा?" मागून कुणीतरी विचारले.

"याच वाटेनं. आणि कापड होऊन इथेच विकायला यायचा. उज्जैनचा कापूस, उज्जैनची माणसं, आणि मधली वाट तोफांची. जो देश लहान असेल, गरीब असेल, त्याच्या दारातून अशी वाट काढली जाते. मग एक दिवस तो देश म्हणतो, दार माझं आहे." बाईंनी सुएझवर बोट ठेवले. "तेव्हा काय होतं, ते या आठवड्यात बघतोय आपण."

त्यांनी भावाचे नाव काढले नाही. पण उज्जैन काही इतके मोठे नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलींना ठाऊक होते. रोज पहिल्या तासाला मीना पत्राबद्दल विचारी, "बाई, खत आलं?" आणि बाई मान हलवून फळ्याकडे वळत.

लढाई लवकरच थांबली. साऱ्या जगाने आवाज उठवला आणि आलेल्या फौजांना माघारी जावे लागले. पण कालव्यात जहाजे बुडवलेली होती. वाट बंद होती. पत्र येत नव्हते. मुंबईच्या जहाज कचेरीला लिहिले तर दोन ओळींचे उत्तर आले, की जहाजाचा मार्ग बदलला असून अधिक माहिती उपलब्ध नाही.

नाना रोज दुपारी शाळा सुटायच्या वेळी येत. रिकाम्या वर्गात पहिल्या बाकावर बसत आणि माझ्याकडे बघत. मुलींच्या बाकावर त्यांचे गुडघे मावत नसत. एके दिवशी अहल्याबाई वह्या तपासत होत्या, तेव्हा ते एकदम बोलले.

"मी त्याला कडेवर घेऊन दाखवलं. बोट धरून दाखवलं, हा समुद्र, ही बोट. ती निशाणं मला दिसत नव्हती असं नाही. साहेबाचं प्रत्येक पत्र माझ्या हातचं. एडनला पलटण वाढवा, तिकडचा भाव पाडा, अमुक शेठला दुसरा माल घेऊ देऊ नका. सगळं मी सुंदर अक्षरात लिहिलंय. मुलाला मात्र फक्त पाणी दाखवलं."

अहल्याबाईंनी पेन खाली ठेवले. "नाना, तुम्ही नोकरी करत होता."

"हो, करत होतो," ते म्हणाले. "म्हणून तर सांगतोय."

मलाही तेच म्हणायचे होते. मीसुद्धा सुंदर अक्षरांतच होतो.

जानेवारीत शाळेत नवे नकाशे आले. चकचकीत, नव्या राज्यांचे. माई हातात कागद घेऊन वर्गात आल्या. त्या शिस्तीच्या बाई, कुणाला सवलत म्हणून द्यायच्या नाहीत. "अहल्याबाई, जुने नकाशे रद्द करून टाकायचेत. यादी भोपाळला जायची आहे. हा पहिला."

"माई, एक पत्र यायचंय," अहल्याबाई म्हणाल्या. "ते येईपर्यंत राहू द्या."

माईंनी बाकावर बसलेल्या नानांकडे पाहिले. नाना उठायला लागले, तर त्यांनी हातानेच बसा म्हटले. मग कागदावर माझ्या नावापुढे त्यांनी लिहिले, 'दुरुस्ती चालू', आणि निघून गेल्या.

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. भर तासाला वर्गाचे दार उघडले. नाना उभे होते. डोक्यावर टोपी नव्हती. हातातल्या लिफाफ्यावर इतके शिक्के होते की पत्ता दिसेना. मोंबासाला टाकलेले ते पत्र जहाजाच्या थैलीतून आफ्रिकेला वळसा घालून आधी विलायतेला गेले होते आणि तिकडून पुन्हा तोच वळसा घालून उज्जैनला आले होते.

"आहे," नाना म्हणाले. एवढेच.

चाळीस मुली एकदम ओरडल्या. अहल्याबाई खुर्चीत बसल्या आणि पदराने तोंड झाकून घेतले. नानांनी पत्र वाचायला सुरुवात केली, पण दुसऱ्या ओळीला त्यांना वाचता येईना, मग ते मीनाने वाचले. घरी निघताना नाना म्हणाले ते मला अजून ऐकू येते. "अहल्या, आज चहा कर. साखर जरा ज्यादा टाक."

शरू वैशाखात परत आला. उन्हाची सुट्टी होती, शाळा रिकामी होती. अहल्याबाईंनी किल्ली आणली आणि तिघे वर्गात आले. खिडकीतून पांढरे ऊन माझ्यावर पडले होते. तो उंच, काळवंडलेला माणूस माझ्यासमोर उभा राहिला. त्याने बोट उचलले, पण रेघेवर ठेवले नाही.

"इथे होतो आम्ही," तो म्हणाला. "सुएझच्या बाहेर नांगर टाकून. आमचा नंबर दुसऱ्या दिवशी होता. संध्याकाळी एक म्हातारा होडी घेऊन आला, संत्री विकत. मला म्हणाला, कुठला? मी म्हटलं हिंदुस्थान. तर संत्र्यांची आख्खी टोपली दोरीला बांधली. पैसे घेईना. कालव्याकडे हात करून छाती ठोकून काहीतरी बोलत होता. मला भाषा येत नव्हती, पण समजलं. ही आता आमची आहे, उद्या बघ, कशी मस्त नेतो तुम्हाला."

"मग?" नानांनी विचारले.

"मग विमानं आली. पलीकडे धुराचे लोट. माझ्या कानाला वायरलेस, आणि सगळी जहाजं एकाच वेळी विचारत होती, काय करू, कुठे जाऊ. कप्तानानं नांगर उचलला. घरी तार करू दे म्हटलं तर करू दिली नाही. मी वर येऊन पाहिलं, तर त्या सगळ्या होड्या पांगलेल्या. त्याची कुठली, दिसलं नाही." तो नानांकडे वळला. "आफ्रिकेच्या टोकाला, केपला, वळसा घालेपर्यंत संत्री पुरली, नाना. मला त्याचं नावही माहीत नाही."

मग शरूने अहल्याबाईंच्या टेबलावरची दौत-लेखणी घेतली. "ताई, काढू?"

अहल्याबाईंनी नानांकडे पाहिले. नाना उठले आणि माझा खालचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला, मी हलू नये म्हणून.

सुएझच्या निशाणाशेजारी शरूने एक होडी काढली. गव्हाच्या दाण्याएवढी. तिच्यात एक वाकलेला म्हातारा. चित्र फारसे चांगले आले नाही, आणि माणूस टोपलीसारखा दिसतो. पण मित्रांनो, माझ्या अंगावर जे जे छापले गेले, ते कुणाला तरी काही हवे होते म्हणून. ही एकच खूण अशी, की जी एका माणसाला कुणीतरी विसरू नये म्हणून काढली.

त्याला आता काही वर्षे झाली. नवा नकाशा भिंतीवर आहे आणि मी कपाटामागे. माझ्या कडांना कसर लागली आहे. अहल्याबाई वर्षातून एक दिवस मला बाहेर काढतात. तुमच्याही शाळेत माझ्यासारखा कुणी धूळ खात असेल, तर त्याला फेकू नका. दोघांनी दोन्ही दांडे धरून सावकाश उलगडा, खेचू नका, आम्ही आता फाटतो. आणि आमच्यावरची कुठलीही सरळ, सुंदर रेघ दिसली, मग ती काल छापलेली असो की आज, तर तिच्यावर बोट फिरवण्याआधी विचारा, की ही कुणी ओढली, आणि कुणाच्या दारातून गेली.

आज सकाळी मला उलगडले तेव्हा एक नवी मुलगी माझ्या अगदी जवळ आली होती. तिने नाक टेकवून होडी शोधली आणि विचारले, "बाई, हे आजोबा कोण?"

"नाव माहीत नाही," अहल्याबाई म्हणाल्या. "पण यांनी आमच्या शरूला संत्री दिली होती."